काळ्या मातीतला खड्डा आणि त्यात लावायचं फळझाड

नागपुरात उमरेड रोडकडे आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा प्लॉट आहे. घर बांधायला अजून वेळ आहे, तोवर चार फळझाडं लावू म्हणून त्यांनी मागच्या पावसाळ्यात संत्र्याची सहा कलमं लावली. काम मनापासून केलं होतं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डे, त्यात टोपल्या भरभरून शेणखत, भोवती चांगलं खोल आळं. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडून झाडं माना टाकू लागली. काकूंना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून उघडीप मिळाली की त्या आणखी पाणी घालत राहिल्या. दसऱ्यापर्यंत सहापैकी पाच गेली.

त्यातलं एक मी उपटून पाहिलं. मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आतली दोऱ्याएवढी काडी तेवढी मागे राहिली. मातीला कुबट, आंबूस वास येत होता. हे झाड तहानेनं मेलेलं नव्हतं, त्याचा श्वास कोंडला होता.

नागपूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मे महिन्यातलं ४५-४६ अंशांचं ऊन येतं, त्यामुळे फळझाडाची सगळी काळजी आपण उन्हाळ्यासाठी राखून ठेवतो. पण माझ्या पाहण्यात काळ्या मातीच्या प्लॉटवर नवी झाडं जितकी उन्हाळ्यात जातात, त्याहून जास्त पहिल्याच पावसाळ्यात जातात. म्हणून कोणतं झाड लावू असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुमच्या खड्ड्यातलं पाणी किती वेळात जिरतं?

मुळांना हवा कशी मिळते

माती म्हणजे नुसते कण नाहीत. कणांच्या मध्ये पोकळ्या असतात आणि त्यांत थोडं पाणी, थोडी हवा असते. मूळ पाणी पितं तसंच श्वासही घेतं, आणि तो श्वास या पोकळ्यांतल्या हवेवर चालतो. आपल्या काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. पाणी मिळालं की ती फुगते, पोकळ्या मिटतात, आणि ज्या उरतात त्या पाण्यानं भरून जातात. मुळं चार-आठ दिवस अशी बुडून राहिली की कमजोर होतात. मग त्यांच्यावर फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोगजंतू चढतो. त्याचे बीजाणू शेपटी असलेले असतात आणि ते मातीतल्या पाण्यात चक्क पोहत जाऊन मुळापर्यंत पोचतात. साचलेलं पाणी त्यांच्यासाठी रस्ता होतं. संत्रा-लिंबाच्या बागांमधली मूळकूज आणि बुंध्यातून डिंक गळणारा डिंक्या रोग, दोन्ही याच्याच करामती.

उन्हाळ्यात हीच माती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग पडताना कोवळी मुळं ताणून तुटतात, आणि भेगेतून आत शिरलेली गरम हवा खालची ओल पळवते. म्हणजे पावसाळ्यात बुडवणारी आणि उन्हाळ्यात फाडणारी माती एकच.

आता तीन फुटी खड्ड्याकडे या. तो सल्ला चुकीचा नाही, पण तो मुरमाड जमिनीसाठी आहे. हिंगणा, वाडीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. तिथे कुदळीनं मुरूम फोडून मोठा खड्डा केला, चांगली माती भरली, की मुळांना पसरायला जागा मिळते आणि जास्तीचं पाणी मुरमातून खाली निघून जातं. भारी काळ्या मातीत तोच खड्डा केला की त्याचं टाकं होतं. आत भुसभुशीत माती-शेणखत, चारही बाजूंना आणि तळाला चिकण माती. आजूबाजूचं पाणी त्या मऊ जागेकडे धाव घेतं आणि बाहेर पडायला वाट नसते. काकूंची झाडं अशा सहा टाक्यांत उभी होती. जे एक जगलं ते प्लॉटच्या उताराला, धुऱ्यालगत होतं, आणि तिथलं पाणी आपोआप नालीत उतरत होतं.

बादलीभर पाण्याची परीक्षा

ही परीक्षा एप्रिल-मेमध्ये करा, कारण खड्डे तसेही तेव्हाच खणायचे असतात. उन्हात तापलेल्या खड्ड्यातल्या किडी, अळ्या, बुरश्या बऱ्याच प्रमाणात मरतात. प्लॉटच्या दोन-तीन ठिकाणी, एक तरी सगळ्यात खोलगट भागात, दीड फूट खोल खड्डा घ्या. तो पाण्यानं भरा आणि पूर्ण जिरू द्या. ही पहिली खेप धरायची नाही, कारण मेमधली कोरडी, भेगाळलेली माती कितीही पाणी पिते. माती फुगल्यावर दुसऱ्यांदा भरा. आता एक काडी उभी रोवून पाण्याच्या पातळीला खूण करा आणि तासाभरानं परत बघा.

तासाला इंचभर किंवा जास्त उतरलं तर जमीन चांगली आहे. अर्धा इंच उतरलं तर उंचवटा करून लावावं लागेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी तसंच दिसलं तर त्या जागी संत्रा, पपई, डाळिंब यांचं नावही काढू नका. पपईचं बूड तर दीड-दोन दिवस पाण्यात राहिलं तरी कुजायला लागतं.

खणताना आणखी दोन गोष्टी नजरेखालून घाला. एक, ले-आऊट पाडताना टाकलेली भरण. वर फूटभर छान लाल मुरूम आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंट, चुन्याचा मलबा असं पुष्कळदा निघतं. तो मलबा काढून टाकल्याशिवाय तिथे झाड लावू नका. दुसरी, पांढरे चुनखडीचे खडे. मूठभर सुक्या मातीवर लिंबू पिळा. फसफसून बुडबुडे आले तर चुना बराच आहे असं समजा. संत्र्यासाठी मातीतला मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत असावा असं सांगतात, कारण चुना जास्त झाला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या जाळीसारख्या उठून दिसतात. हिराकसाची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी करून तात्पुरता रंग परत येतो, पण माती तीच राहते. नेमका आकडा हवा असेल तर माती परीक्षण करून घ्या. एका झाडाच्या पाच वर्षांच्या मेहनतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

कोणत्या जागेला कोणतं झाड

पेरूपासून सुरुवात करतो, कारण पहिल्यांदा लावणाऱ्याला मी नेहमी हेच झाड सुचवतो. पेरू भारी मातीत तग धरतो, मुरमात तग धरतो, थोडा चुनाही सोसतो. सरदार म्हणजेच एल-४९ हा वाण पुण्याच्या गणेशखिंड बागेत अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून निवडला गेला. झाड बुटकं आणि पसरट, फळ मोठं, त्यामुळे घरच्यासाठी उत्तम. कलम लावल्यापासून दोन-तीन वर्षांत फळ हाती येतं.

कागदी लिंबू दुसरं. एकच झाड लावा, घराला आणि शेजाऱ्यांनाही पुरतं. लिंबाची एक गंमत आहे. आंब्याची कोय लावली तर बहुतेक जातींत झाड आईसारखं निघेलच असं नाही, पण कागदी लिंबाच्या एका बीमधून पुष्कळदा दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यातली बहुतेक थेट आईच्याच पेशींपासून तयार झालेली असतात, परागकणांचा त्यात संबंध नसतो. म्हणून लिंबाचं बियांपासूनचं रोप घ्यायला हरकत नाही. राहुरी विद्यापीठाचं साई सरबती किंवा आपल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं बिनकाट्याचं चक्रधर मिळालं तर बघा. पाणी साचणं मात्र लिंबालाही सोसत नाही.

सीताफळ हे मुरमाच्या प्लॉटचं खरं झाड. आठवड्यातून एकदाच प्लॉटवर जाणाऱ्यांसाठी तर फारच सोयीचं, कारण हिवाळ्याच्या अखेरीस ते पानं गाळून झोपी जातं आणि भर उन्हाळ्यात फारसं पाणी मागत नाही. फुलं येतात, पण फळं कमी धरतात, ही तक्रार नेहमीची. त्याचं कारण फुलाच्या वेळापत्रकात आहे. सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि काही तासांनी नर होतं. परागकण सुटतात तेव्हा त्याच फुलाचा मादी भाग वाळून गेलेला असतो. हे परागकण इकडून तिकडे नेण्याचं काम बारीक भुंगेरे करतात, आणि कोरड्या गरम हवेत ते नीट होत नाही. म्हणून पाऊस पडून हवेत दमटपणा आला की फळधारणा वाढते. हौस असेल तर पूर्ण उमललेल्या फुलातले परागकण मऊ ब्रशवर घ्या आणि सकाळी लवकर अर्धवट उघडलेल्या फुलांच्या आत फिरवा. आठवड्याभरात हिरवी गाठ फुगताना दिसते.

आंब्यात छोट्या प्लॉटसाठी आम्रपाली घ्या. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेला हा वाण ठेंगणा राहतो. बागांमध्ये तो अडीच-अडीच मीटरवरही लावतात, तर जुन्या पद्धतीनं बाकीच्या आंब्यांना दहा-दहा मीटर लागतात. केसर आणि दशहरीही इकडे चालतात. हापूसचा हट्ट धरू नका, त्याला कोकणची हवा मानवते.

चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावरचं, म्हणजे मुळं खिरणीची असलेलं घ्या, कालीपत्ती ही जात घ्या, आणि धीर धरा. आवळा लावायचा तर दोन वेगवेगळ्या जातींचे दोन, म्हणजे एन. ए.-७ आणि कृष्णा किंवा चकैय्या, कारण आवळ्याला स्वतःच्या परागकणांनी फळ नीट धरत नाही. जिथे पाणी साचतंच आणि जागाही मोठी आहे तिथे जांभूळ. डाळिंबाचा मोह भारी मातीत टाळा.

आणि संत्रा. नागपुरात राहून दारात संत्रा नाही हे मनाला पटत नाही, मला तरी पटत नाही. पण हे या यादीतलं सगळ्यात नाजूक झाड आहे. काटोल, कळमेश्वर, नरखेड, वरूड, मोर्शी हा पट्टा संत्र्याचा झाला त्यामागे पाण्याचा निचरा होणारी मध्यम जमीन हे मोठं कारण आहे. काळी माती तिथेही आहे, पण चांगल्या बागा बघितल्यात तर खाली दोन-तीन फुटांवर मुरमाचा थर सापडतो आणि तोच झाडाला वाचवतो. तुमच्या प्लॉटवर खाली चिकण मातीच लागत असेल, तर उंचवट्यावर एक-दोन झाडं लावा आणि त्यांना पोरासारखं सांभाळा.

सावली, भिंत आणि कायदा

नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही याच सुमाराचा. त्या काळात सूर्य मावळतो वायव्येकडे. हिवाळ्यात मात्र तो दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. यावरून एक सोपा हिशोब निघतो. सगळ्यात मोठं झाड प्लॉटच्या वायव्य कोपऱ्यात लावा. मेमध्ये चार-पाच वाजताचं भाजून काढणारं ऊन ते अडवेल आणि त्याची सावली लहान झाडांवर पडेल. हिवाळ्यात त्याची सावली उत्तरेकडे, प्लॉटच्या बाहेरच्या बाजूला जाईल, त्यामुळे बाकीच्यांचं कोवळं ऊन तुटणार नाही.

तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर चार झाडं पुरेत. वायव्येला आम्रपाली, मग पेरू, लिंबू, सीताफळ. दोन झाडांमध्ये पंधरा फूट तरी असू द्या. आज गुडघ्याएवढी रोपं बघून हे अंतर खूप वाटतं आणि लोक मध्ये आणखी दोन कोंबतात. सहाव्या-सातव्या वर्षी फांद्या एकमेकांत घुसतात, आतल्या बाजूला ऊन लागत नाही आणि फळ फक्त शेंड्याला येतं. मधली जागा रिकामी बघवत नसेल तर तिथे पपई लावा. ती वर्षभरात फळ देते आणि तीन-चार वर्षांत आपणच संपते.

पुढे घर बांधायचं असेल तर नकाशा आज डोळ्यांसमोर आणा. महापालिकेच्या हद्दीत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. घराच्या जोत्याच्या (प्लिंथच्या) जागेत आंबा वाढवून नंतर तो तोडायची वेळ आली की कागदपत्रांचा त्रास होतो, आणि त्याहून जास्त जिवाला लागतं.

रोप घेताना

फार वर्षांपूर्वी मी रस्त्यावरच्या हातगाडीवरून संत्र्याचं कलम घेतलं होतं. झाड जोमानं वाढलं, काटे मोठमोठे, पानं तजेलदार. पाचव्या वर्षी फळ आलं ते जाड सालीचं, खडबडीत आणि तोंड वाकडं करणारं आंबट. ती जंबेरी होती. पाच वर्षं मी चुकीच्या झाडाला पाणी घातलं होतं.

झालं होतं ते असं. संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडांचं एक झाड. खाली जंबेरी किंवा रंगपूर लाईमचा खुंट असतो. त्याच्या सालीला छेद देऊन त्यात संत्र्याच्या डोळकाडीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बसवतात, वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. दोन्हींच्या सालीखालचा हिरवट ओला थर एकमेकांना चिकटून एकजीव झाला की डोळा फुटतो, आणि मग खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. मुळं जंबेरीची राहतात आणि फळ संत्र्याचं येतं. माझ्या रोपातला डोळा मेला होता आणि खालचा खुंटच फुटून वाढला होता.

म्हणून रोप हातात घेतलं की जोड शोधा. जमिनीपासून साधारण नऊ इंचांवर खोडाला हलका बाक, थोडी फुगीर गाठ आणि सालीच्या रंगात फरक दिसला पाहिजे. वरची फांदी त्या जोडाच्या वरूनच निघालेली हवी. जोड मातीला टेकलेला असेल तर रोप परत ठेवा. पट्टी अजून गुंडाळलेली असेल तर लावताना ब्लेडनं अलगद कापून काढा, नाहीतर खोड जाड झाल्यावर ती गळफासासारखी आवळते. मग पिशवीच्या तळाशी बघा. मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर रोप फार दिवस पिशवीत राहिलेलं आहे. उंच, झुपकेदार रोपापेक्षा दोन फुटी, पेन्सिलीएवढ्या खोडाचं, एक सरळ दांडा असलेलं रोप कधीही चांगलं.

महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयाची रोपवाटिका, अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, काटोलचं फळ संशोधन केंद्र या ठिकाणी आधी चौकशी करा. मागणी खूप असते, त्यामुळे जूनमध्ये नाही, त्याच्या बरंच आधी. शेंदुरजनाघाटच्या पन्हेऱ्या, म्हणजे रोपवाटिका, संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहेतच, पण तिथेही जोड स्वतः तपासून घ्या आणि खुंट कोणता ते विचारा. मूळकुजीला रंगपूर लाईम जंबेरीपेक्षा चांगला टिकतो. भारी मातीत मी तोच मागेन.

लावण्याचा दिवस

दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाली की, म्हणजे जूनच्या अखेरीपासून पोळ्यापर्यंत, केव्हाही. ढगाळ दिवस आणि संध्याकाळची वेळ बघा.

मुरमात तीन फुटी खड्डा, आंब्याला तरी नक्की. वरची माती, दोन-तीन टोपल्या पूर्ण कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरा. निंबोळी पेंड वाळवीसाठी, आणि मुरमाड जमिनीत वाळवी हमखास असते. अर्धकच्चं शेण घातलं तर वाळवीला आणि हुमणीला आपणच बोलावणं धाडतो.

काळ्या मातीत दीड फुटाचाच खड्डा घ्या. खणून काढलेल्या त्याच मातीत चौथ्या हिश्शाएवढं शेणखत मिसळून भरा आणि वर फूट-दीड फूट उंच, चार फूट रुंद असा उंचवटा करा, कढई पालथी घातल्यासारखा. प्लॉटला उतार असेल त्या दिशेनं दोन उंचवट्यांमधून उथळ चर काढून द्या. रोप या उंचवट्याच्या माथ्यावर लावायचं. भरलेली माती पहिल्या पावसाळ्यात काही इंच खाली बसते, त्यामुळे सुरुवातीला उंचवटा जास्तच वाटला तरी वाटू द्या.

पिशवी आधी पाण्यात बुडवून माती ओली करा, तळ कापा, बाजूनं चीर द्या आणि मातीचा गोळा न फोडता रोप ठेवा. संत्र्याचा जोड जमिनीच्या वर सहा इंच तरी राहिला पाहिजे. मातीत गाडला गेला तर संत्र्याच्या सालीवरच रोग चढतो आणि खालच्या कणखर खुंटाचा काही उपयोग उरत नाही. माती हातानं दाबा, पायानं तुडवू नका. वाऱ्याच्या बाजूला काठी रोवून सुतळीनं इंग्रजी 8 च्या आकाराचा सैल वेढा घालून बांधा. खत पुन्हा घालू नका, पालवी फुटेपर्यंत त्याला खायला काही नको.

पहिला उन्हाळा

पावसाळा संपला की आळ्याचा प्रश्न येतो. बुंध्याशी पाणी साचवणं ही आपली जुनी सवय, आणि संत्रा-लिंबासाठी तीच घातक. बुंध्याभोवती मातीची एक लहान चढती गोल भर घाला आणि तिच्या बाहेर दुसरा मोठा गोल काढा. पाणी या दोन गोलांच्या मधल्या पट्ट्यात द्यायचं. याला दुहेरी आळं म्हणतात. झाड वाढेल तसा बाहेरचा गोल फांद्यांच्या टोकाखाली सरकवत न्या, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिथेच असतात.

रोज जाणं होत नसेल तर मडकं पुरा. दहा लिटरचं, बिनरंगाचं, कच्चट भाजलेलं मडकं रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकणी ठेवायची. माती कोरडी होईल तसं पाणी झिरपत राहतं. भेगा पडू नयेत म्हणून सोयाबीनचं किंवा गव्हाचं कुटार, पालापाचोळा यांचा चार बोटं जाड थर उंचवट्यावर पसरा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून. एप्रिलच्या आधी रोपाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा उभा करा. वरून पूर्ण झाकायची गरज नाही, दुपारनंतरचं ऊन अडलं की पुरे.

संत्रा-लिंबाच्या बुंध्याला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावतात. घरच्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या डब्यात विरघळवा, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या डब्यात अर्धा लिटर पाण्यात, मग दोन्ही एकत्र करून ढवळा. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर आणखी थोडा चुना घाला. त्याच दिवशी ब्रशनं जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत लावून संपवा.

बहार

संत्र्याला फूल यायचं तर आधी त्याची वाढ थांबावी लागते. पाणी तोडलं की नवी पालवी थांबते, झाड अन्न साठवू लागतं, आणि पाणी परत मिळालं की त्या साठ्यावर फुलं निघतात. याला ताण म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून आणि थंडीच्या जोरावर जो येतो तो आंबिया बहार. मेच्या तडाख्यानंतर मृगाच्या पावसानं ताण मोडला की येतो तो मृग बहार. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, भारी मातीत ओल धरून राहते म्हणून दीड-दोन महिने लागतात. घरच्या झाडावर दोन्ही बहार घेऊ नका, एकच धरा. आणि ताण द्यायचा तो चार-पाच वर्षांच्या भरलेल्या झाडाला, लहान रोपाला नाही.

पेरूचं गणित वेगळं. त्याला फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून छाटणी म्हणजेच फळ. पावसाळ्यातला पेरू फळमाशीनं किडतो आणि पाणचट लागतो. मेमध्ये फांद्यांचे शेंडे अर्धे छाटून टाका. तेव्हाची फुलं जातात, पावसात नवी फूट येते आणि डिसेंबरमध्ये घट्ट, गोड पेरू मिळतो.

संत्र्याच्या जोडाखालून फुटणारे कोंब आणि आतून सरळ वर धावणारे पानसोट दिसले की लगेच काढा, कोवळे असताना बोटानंच निघतात. पहिल्या दोन वर्षांत कोणत्याही कलमावर फूल आलं तर तेही खुडा. पेरू आणि आम्रपाली तर लावल्या वर्षीच फुलतात आणि ते खुडताना हात आखडतो. मागच्या फेब्रुवारीत काकूंच्या उरलेल्या संत्र्याला आठ-दहा फुलं आली होती. त्यांनी सगळी खुडली, एक ठेवलं, आणि मला फोन करून विचारलं की एक तर चालेल ना. मी म्हटलं काकू, तेही काढा. त्यांनी काढलं. यंदा जूनमध्ये त्याच्या शेजारी आणखी एक उंचवटा केला आहे, रंगपूर लाईमवरच्या कलमासाठी, आणि खोलगट कोपऱ्यात सरदार पेरू लावला आहे.